पाय दाबल्यापासून गाडी निघेपर्यंत

दुपदरी रस्ता. पुढे ताशी ५० किलोमीटरने चाललेला टँकर, त्याच्या मागे आपण. समोर मोकळं दिसलं की आपण ॲक्सिलरेटर दाबतो. त्या क्षणी आपण सेकंदाला १४ मीटर पुढे सरकत असतो, आणि समोरून कोणी ताशी ८० ने येत असेल तर तो सेकंदाला २२ मीटर जवळ येत असतो. पाय दाबल्यावर गाडीने उचल घ्यायला एकच सेकंद लावला, तरी हेरलेल्या मोकळ्या जागेतले ३६ मीटर हातचे गेले. एसटीच्या तीन बस एकीमागे एक उभ्या राहतील एवढी ही जागा आहे.

मारुती ८०० चं कार्ब्युरेटरवालं इंजिन ३७ अश्वशक्तीचं होतं. आजच्या ह्युंदाई व्हेन्यूचं एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन १२० पीएसचं आहे, म्हणजे तिपटीहून जास्त. तरीही जुन्या गाडीवरून अशा नव्या गाडीवर आलेला माणूस म्हणतो, ताकद आहे, पण रेस दिली की गाडी लगेच निघत नाही. त्याचं म्हणणं खरं असतं. सर्व्हिस सेंटरमध्ये त्याला सांगतात, ‘या मॉडेलला असंच असतं.’ हेही पुष्कळदा खरंच असतं. पण असं का असतं, ते कोणी सांगत नाही, आणि कारण कळलेलं नसताना माणूस फिल्टर बदल, प्लग बदल, ऑनलाइन एखादा डबा मागव, असे पैसे घालवायला लागतो.

हा उशीर एका जागी होत नाही. थोडा पेडल आणि झडपेच्या मध्ये होतो, थोडा हवा इंजिनात पोचण्यात होतो, थोडा गिअरबॉक्समध्ये होतो. पायाला मात्र सगळा मिळून एकच वाटतो.

पेडलपासून सुरुवात करू. जुन्या गाडीत ॲक्सिलरेटरपासून निघालेली तार थेट कार्ब्युरेटरच्या बटरफ्लायला, म्हणजे हवेच्या वाटेतल्या गोल झडपेला, बांधलेली असे. पाय जेवढा खाली, झडप तेवढी उघडी. पण उशिराचा प्रश्न तेव्हाही होता. झडप झटक्यात उघडली की हवा लगेच आत धावते, जड पेट्रोल मागे राहतं, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन गचका खातं. म्हणून कार्ब्युरेटरमध्ये एक छोटा पंप ठेवलेला असे. पाय जोरात पडला की तो पेट्रोलची एक पिचकारी जास्तीची मारी. ८०० किंवा पद्मिनी चटकन उसळी घ्यायची त्यात या पिचकारीचा मोठा वाटा होता.

आता ती तार नाही. पेडलच्या मुळाशी दोन सेन्सर असतात आणि दोघेही पेडल किती दाबलंय ते व्होल्टेजच्या रूपात ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, कळवतात. पुष्कळ गाड्यांत एकाचं व्होल्टेज दुसऱ्याच्या बरोबर निम्मं ठेवलेलं असतं. हे प्रमाण बिघडलं की ईसीयू दोघांवरही विश्वास ठेवत नाही, दिवा लावतो आणि गाडी रखडत का होईना घरी पोचेल एवढीच ताकद देतो. झडप उघडण्याचं काम एक छोटी विजेची मोटर करते. ही मोटर मुळीच मंद नाही. पूर्ण बंद झडप पूर्ण उघडायला तिला सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून थोडा जास्त वेळ पुरतो. म्हणजे तारेच्या जागी वीज आली म्हणून गाडी सुस्त झाली, हे काही खरं नाही. झडप किती आणि कधी उघडायची हे आता ईसीयू ठरवतो, आणि तो पुष्कळदा मुद्दाम थांबतो.

तो का थांबतो हे कळायला स्पीडब्रेकर पुरेसा आहे. दुसऱ्या गिअरमध्ये आपण पाय उचलतो. आता चाकं इंजिनला फिरवत असतात. गिअरच्या दात्यांमध्ये बारीक फट असते, ड्राइव्हशाफ्टच्या सांध्यांत थोडी ढिलाई असते, इंजिन रबरी माउंटवर किंचित मागे रेललेलं असतं. दाते एका बाजूला टेकलेले असतात. ब्रेकर ओलांडून आपण रेस देतो तेव्हा इंजिनाने चाकांना ओढायचं असतं, म्हणून प्रत्येक दात्याला फट ओलांडून दुसऱ्या बाजूला टेकावं लागतं. सगळी ताकद एकदम आली तर ही सगळी ढिलाई एका क्षणात संपते आणि ‘टक्’ असा ठोका बसून गाडी पुढे-मागे हिंदकळते. ते टाळायला ईसीयू आधी थोडीशीच ताकद सोडतो, दाते अलगद टेकू देतो आणि मग उरलेली देतो. यात सेकंदाचे काही दशांश जातात. गर्दीत, ब्रेकरवर, सतत पाय उचलून पुन्हा दाबताना गाडी जास्त रेंगाळल्यासारखी वाटते ती यामुळे. मागच्या सीटवर बसलेल्या आजींना हा उशीर सुखाचा असतो, म्हणून मी त्याला सरसकट दोष म्हणणार नाही.

दुसरं कारण धुराचं. जुनी टाटा सुमो किंवा जुना ट्रक रेस दिली की काळा भपका सोडायचा, तो आठवून बघा. डिझेल इंजिनात पेडल मुख्यतः इंधनाचं प्रमाण ठरवतं. पाय पडला की डिझेल लगेच जास्त जायचं, पण ते जाळायला लागणारी हवा टर्बोकडून मागाहून यायची. मधल्या काळात अर्धवट जळलेलं डिझेल काजळी होऊन बाहेर पडायचं. आजचा ईसीयू आधी आत किती हवा आली ते मोजतो आणि तेवढंच डिझेल सोडतो. हवा आली नाही तर पेडल तळाला लावलं तरी डिझेल वाढत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ लागू झालं, डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर आला, आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रयोगशाळेबाहेर प्रत्यक्ष रस्त्यावरचा धूरही नियमाच्या कक्षेत आला. पूर्वी जो वेळ धुराने भरून निघत होता तो आता आपल्याला उशीर म्हणून जाणवतो. रस्त्याकडेने शाळेत जाणाऱ्या मुलांच्या नाकात तो भपका जाण्यापेक्षा मी हा उशीर पसंत करेन.

तिसरं कारण मात्र निव्वळ आवडीनिवडीचं आहे. पेडल अर्धं दाबलं तर ताकद अर्धीच द्यायची असं कुठे लिहिलेलं नाही. पेडल किती दाबलं की किती ताकद द्यायची, हा नकाशा कंपनी ठरवते. टाटा नेक्सॉनसारख्या गाडीत इको, सिटी, स्पोर्ट असे मोड असतात. इंजिन तेच, टर्बो तोच, पण इकोमध्ये अर्ध्या पेडलला कमी ताकद मिळते आणि स्पोर्टमध्ये जास्त. मायलेजसाठी कायम इकोवर चालवणारे पुष्कळ जण हायवेवर ओव्हरटेक करतानाही बटण बदलत नाहीत. गाडी सुस्त वाटत असेल तर सर्वांत आधी ते बटण बघावं. हा इलाज फुकटातला आहे.

आता हवेकडे वळू, कारण सर्वांत मोठा उशीर इथे आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये टर्बोचार्जरच्या कल्पनेचं पेटंट घेतलं. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने इंजिनात हवा कोंबायची. आजच्या छोट्या गाड्यांतल्या टर्बोचं चाक मुठीत मावेल एवढं असतं आणि भरात आलं की मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं. अडचण एवढीच की टर्बो फिरायला जास्त वायू हवा, जास्त वायू निघायला जास्त इंधन जळायला हवं, ते जळायला जास्त हवा हवी, आणि ती हवा आणणार टर्बोच. इंजिन १२०० आरपीएमवर रेंगाळत असताना पाय दाबला तर हे चक्र हळूहळू वेग घेतं. तोवर आपल्या हाताशी एक लिटरचं, टर्बो नसल्यासारखं, छोटं इंजिन असतं, आणि त्याने बाराशे किलोंची गाडी ओढायची असते.

आपल्याकडे छोट्या टर्बो इंजिनांची एवढी गर्दी झाली, तिला कराचं गणित बरंच कारणीभूत आहे. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतल्या लांबीच्या, पेट्रोल १२०० सीसी आणि डिझेल १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना कमी कर लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटीतही ही रेघ कायम आहे: तिच्या आतल्या गाड्यांना १८ टक्के, बाहेरच्यांना ४० टक्के. एसयूव्हीचा थाट हवा आणि इंजिन मात्र बाराशे सीसीच्या आत, म्हटल्यावर टर्बोशिवाय गत्यंतर नसतं. पुण्याजवळ रांजणगावला फियाटच्या कारखान्यात बनणारं १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन टाटांच्या गाड्यांतही बसायचं, आणि त्याचा भाऊ मारुतीच्या स्विफ्टमध्ये होता. स्विफ्टमधल्या ७५ अश्वशक्तीच्या त्या इंजिनाचा पूर्ण टॉर्क, १९० न्यूटन मीटर, २००० आरपीएमला मिळायचा. ते चालवलेल्यांना ठाऊक आहे की १८०० च्या खाली गाडी ढिम्म असायची आणि २००० ओलांडताच मागून कोणी ढकलल्यासारखी सुटायची. खंबाटकीच्या वळणावर तिसऱ्या गिअरमध्ये काटा १५०० ला पडला की दुसरा टाकण्यावाचून इलाज नसे.

इथे जाहिरातीतल्या एका आकड्याबद्दल सांगायला हवं. व्हेन्यूच्या टर्बो इंजिनाचा टॉर्क १७२ न्यूटन मीटर, तोही १५०० ते ४००० आरपीएममध्ये, असं पत्रकात छापलेलं असतं. आकडा खोटा नाही. पण असे आकडे काढताना यंत्रावर इंजिनाचा वेग धरून ठेवतात, पेडल पूर्ण दाबतात, टर्बोला स्थिरावू देतात आणि मग मोजतात. १५०० आरपीएमला १७२ न्यूटन मीटर मिळतात, पण पाय दाबल्यावर किती वेळाने मिळतात हे त्या आकड्यात नाही. ओव्हरटेक करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं, आणि कंपन्या ते छापत नाहीत. छापायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

ऑटोमॅटिक गाडीत या दोन्हींवर गिअरबॉक्सची भर पडते. मायलेज चांगलं यावं म्हणून ताशी ६० लाच तिने वरचा गिअर पकडलेला असतो. आपण पेडल तळाला लावतो तेव्हा तिला आधी दोन गिअर पाडायचे असतात, मग इंजिन वर जायचं, मग टर्बो जागा व्हायचा. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर आलेल्या एएमटीमध्ये साधाच क्लच आणि साधाच गिअरबॉक्स असतो. फक्त आपल्या हातापायांचं काम यंत्र करतं. ते क्लच सोडवतं, गिअर बदलतं, क्लच पुन्हा जोडतं, आणि तेवढा वेळ चाकांना काहीच ओढ नसते. दुहेरी क्लचची डीसीटी झटपट समजली जाते, पण ती पुढचा गिअर अंदाजाने आधीच तयार ठेवते. तिने वरचा तयार ठेवला आणि आपण खालचा मागितला की तीही अडखळते.

मग चालवताना काय करायचं? मॅन्युअल गाडीत गिअर आधी पाडायचा, टँकरच्या मागे असतानाच. इंजिन २००० ते २५०० वर आणायचं, पेडल किंचित दाबलेलं ठेवायचं आणि मग बाहेर यायचं. यात टर्बोला हलकी चाल मिळून राहते आणि दातेही ओढीच्या बाजूला टेकलेले राहतात, म्हणजे दोन उशीर बाहेर पडण्याआधीच भरलेले असतात. चौथ्या-पाचव्यात राहून, बाहेर येऊन मग रेस देणं हा दुपदरी रस्त्यावरचा सर्वांत वाईट क्रम आहे. एएमटीत मॅन्युअल मोडमध्ये जाऊन आधीच एक गिअर खाली टाकावा. बाकीच्या ऑटोमॅटिकमध्ये स्पोर्ट मोड किंवा स्टिअरिंगमागचं पॅडल हेच काम करतं. पेडल धपकन तळाला न नेता अर्ध्यापर्यंत नेऊन क्षणभर धरलं तर पुष्कळ गिअरबॉक्स दोनऐवजी एकच गिअर पाडतात आणि गाडी लवकर निघते. आपली गाडी यातलं काय मानते ते मोकळ्या रस्त्यावर आधी बघून ठेवावं.

चढावर आणखी एक घोळ होतो. गाडी मागे जाईल या भीतीने ब्रेकवर पाय थोडा ठेवूनच रेस दिली जाते. आजच्या ईसीयूला ते चालत नाही, आणि त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. अमेरिकेत २००९-१० मध्ये टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारींवरून मोठं वादळ उठलं. नासाच्या अभियंत्यांनी तपास केला आणि २०११ मध्ये सांगितलं की इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये, म्हणजे मोटरने उघडणाऱ्या या झडपेच्या यंत्रणेत, त्याचं कारण सापडलं नाही. पायाखालच्या मॅटमध्ये अडकणारी आणि चिकटणारी पेडलं मात्र कंपनीने दुरुस्त केली. त्यानंतर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबले तर ब्रेकचं ऐकायचं, ही सोय सर्रास आली. त्यामुळे ब्रेकवर पाय रेंगाळला तर ईसीयू रेस कापतो आणि गाडी मेल्यासारखी वाटते. हिल होल्ड असलेल्या गाडीत ब्रेक सोडल्यावरही गाडी दोनेक सेकंद धरून ठेवलेली असते. तिच्यावर भरवसा ठेवून पाय सरळ ॲक्सिलरेटरवर न्यावा.

हे सगळं गाडी निरोगी असल्याचं धरून झालं. उशीर पहिल्या दिवसापासून असेल तर तो तिचा स्वभाव, आणि मागच्या दोन-चार महिन्यांत आला असेल तर बिघाड, असं धरून चालावं. एअर फिल्टर चोंदतो, थ्रॉटल बॉडीवर काजळीचा थर बसतो, टर्बोकडून येणाऱ्या रबरी पाइपाची क्लिप ढिली होऊन हवा फुसकन बाहेर जाते, डिझेल फिल्टर तुंबतो, क्लच प्लेट घसरते. कधी तर जाडजूड नवं मॅट ॲक्सिलरेटरखाली जाऊन बसलेलं असतं आणि पेडल पूर्ण खालीच जात नसतं. थ्रॉटल बॉडी साफ करताना बटरफ्लाय बोटाने ढकलून उघडू नये. आत प्लास्टिकचे बारीक गिअर असतात, ते तुटतात. साफ केल्यावर काही गाड्यांत ईसीयूला झडपेची बंद जागा नव्याने शिकवावी लागते. ते न केल्यास आयडलिंग बिघडतं आणि दोष सफाईला लागतो.

बिघाड कुठे आहे हे ओळखायला स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसणारा ब्लूटूथचा छोटा ओबीडी स्कॅनर उपयोगी पडतो. फोनवर चार रेषा काढायच्या: पेडल, थ्रॉटल, इनटेकचा दाब आणि आरपीएम. फोन शेजारच्याने बघायचा, चालकाने नाही. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १०० किलोपास्कल असतो, पुण्याच्या उंचीवर ९५ च्या आसपास. इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवल्यावर दाबाने हाच आकडा दाखवायला हवा. नाही दाखवला तर सेन्सरच संशयित. मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमवरून पाय पूर्ण दाबायचा. पेट्रोल टर्बोत पेडलची रेषा उभी चढली आणि थ्रॉटलची तिच्यामागे रेंगाळत गेली, तर ईसीयू हात आखडतोय. ते मोडमुळे असेल किंवा एखाद्या दोषामुळे, आणि दोष असला तर बहुधा कोड साठलेला सापडतो. थ्रॉटल लगेच उघडला पण दाब शंभराच्या वर जायला कुथतोय, तर टर्बो, त्याचा ॲक्च्युएटर किंवा फुटका पाइप. दाब नीट चढला, आरपीएमही झपाट्याने वाढलं, पण मॅन्युअल गाडीचा वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच. स्वस्त स्कॅनर सेकंदाला मोजकेच आकडे घेतो, त्यामुळे दशांश सेकंदाचे हिशेब त्यावर करू नयेत. अर्ध्या-एक सेकंदाचा फरक मात्र स्वच्छ दिसतो. हाच आलेख सर्व्हिस ॲडव्हायझरला दाखवला आणि ‘तिसऱ्या गिअरमध्ये, ताशी ४० ला, एसी चालू, चारजण बसलेले’ असं जॉबकार्डवर लिहून घेतलं, तर नुसत्या ‘पिकअप नाही’पेक्षा मेकॅनिकला शोधायला जागा मिळते.

राहिला तो डबा. पेडल आणि ईसीयू यांच्यामध्ये जोडायचा थ्रॉटल कंट्रोलर आपण ३० टक्के दाबलं तर ईसीयूला ५० सांगतो. ताकद तेवढीच राहते, टर्बो तेवढाच वेळ घेतो, गिअरबॉक्सही तितकाच. पेडल पूर्ण दाबल्यावर तर डबा असून नसल्यासारखाच, कारण शंभराच्या वर सांगायला काही उरत नाही. इकडे गर्दीत पाय जरा हलला तरी गाडी उडी मारते, आणि पेडलच्या वायरिंगमध्ये हात घातला म्हणून वॉरंटीत कटकट होते ती वेगळी. ज्या कामासाठी लोक हा डबा घेतात, त्या ओव्हरटेकमध्ये तो जवळजवळ काहीच करत नाही. माझ्या मते त्यावर पैसे घालू नयेत.

विजेच्या गाडीत हवा, टर्बो, गिअर बदलणं यांतलं काहीच नाही. मोटर काही मिलिसेकंदांत ताकद देऊ शकते. तरी तिथेही कंपन्या ताकद चढती ठेवतात, दात्यांची फट आणि प्रवाशांच्या माना सांभाळायला. पेट्रोल-डिझेल गाडी घेणाऱ्याने मात्र टेस्ट ड्राइव्हला हे तपासून घ्यावं. शोरूमसमोरच्या सरळ रस्त्यावर पहिल्या गिअरपासून दामटून काही कळत नाही. एखादा उड्डाणपुलाचा चढ गाठावा, एसी चालू ठेवावा, घरची चार माणसं बसवावीत, चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० ला गाडी स्थिर करावी, आणि पाय दाबून गाडीने उचल घेईपर्यंत मनात मोजावं. मग तेच तिसऱ्यात करून बघावं, आणि ऑटोमॅटिक असेल तर दोन्ही मोडमध्ये.